आधी तळ कुठे आहे ते ठरवा: लहान ताऱ्यांच्या तबकड्यांचे अवरक्त वर्णपट वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्याच्या साधारण एकदशांश वस्तुमानाच्या एका तरुण ताऱ्याचा आणि त्याच्याभोवतीच्या, ग्रह घडवणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीचा, जेम्स वेब दुर्बिणीवरच्या मिरी या अवरक्त उपकरणाने घेतलेला वर्णपट तुमच्याकडे आहे. सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी सर्रास वापरतात तीच रीत तुम्ही वापरलीत: लवचीक वक्ररेषेची बेसलाइन (रेषांखालचा धुळीच्या प्रकाशाचा तळ) वजा केली आणि उरलेल्यावर एका तापमानाचं स्लॅब मॉडेल, म्हणजे वायूचा एकच एकसारखा थर मानणारं मॉडेल, बसवलं. १३.७ मायक्रॉनला ॲसिटिलीनचं टोक सुरेख जुळलं, पाण्याची एकही रेषा सापडली नाही, आणि मॉडेल वजा केल्यावरही १२ ते १६ मायक्रॉनच्या पट्ट्यात बारीक दाते उरले. यावरून ‘तबकडीच्या आतल्या भागात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त आहे’ असं लिहायचं का?

अजून लिहू नका. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया म्हणजे तुमची बेसलाइन, आणि या जातीच्या ताऱ्यांत सगळ्यात आधी फसवते ती तीच. ते उरलेले दाते तुम्हाला हेच सांगताहेत.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या तबकडीत पाण्याच्या रेषा एकमेकींपासून सुट्या दिसतात. दोन रेषांच्या मधल्या दरीत जो प्रकाश उरतो तो खरोखर धुळीचा असतो, म्हणून दऱ्यांच्या तळांना जोडणारी रेषा ओढली की धूळ बाजूला होते आणि वायू हाती लागतो. लहान ताऱ्याच्या तबकडीत मात्र ॲसिटिलीन इतकं दाट असू शकतं की त्याच्या हजारो रेषा एकमेकींत मिसळून जातात. मुख्य पट्ट्याच्या रेषा, त्यांच्या अंगाला चिकटलेल्या उष्ण पट्ट्यांच्या (आधीच कंप पावणाऱ्या रेणूंच्या) रेषा आणि कार्बनच्या जड समस्थानिकाच्या (कार्बन-१३) रेषा मिळून मधल्या दऱ्या बुजवून टाकतात. मग जो ‘तळ’ दिसतो तो धुळीचा नसतो, वायूचाच असतो. २०२३ साली बेनोआ ताबोन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मध्ये जे१६०५३२ या ताऱ्याचा वर्णपट छापला, तेव्हा हे पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. सूर्याच्या ०.१४ पट वस्तुमानाचा हा तारा, आणि त्याच्या वर्णपटात ७.७ आणि १३.७ मायक्रॉनभोवती दोन रुंद उंचवटे. ते उंचवटे म्हणजे ॲसिटिलीनच. त्यांचा हिशोब लावायला साधारण ५०० केल्विन तापमानाचा आणि दर चौरस सेंटीमीटरला १० च्या २०व्या घाताइतक्या रेणूंचा थर धरावा लागला. त्यावर जे टोकदार शिखर दिसतं ते बरंचसं कमी घनतेच्या दुसऱ्या थराचं होतं.

आता तुमच्या पद्धतीचं काय होतं ते पाहा. लवचीक वक्ररेषा खालचे बिंदू शोधत जाते. उंचवट्याच्या पाठीवरचे बिंदूही तिला ‘खालचेच’ वाटतात, आणि ती उंचवट्यावरून अलगद वर चढून पलीकडे उतरते. वजाबाकी झाली की उंचवटा नाहीसा. शिल्लक राहतं ते फक्त टोक, आणि एका थराचं मॉडेल त्या टोकाला सहज जुळतं. जुळणी सुरेख आहे म्हणून आपण खूश होतो, पण तबकडीतलं बहुतेक ॲसिटिलीन धुळीबरोबर फेकून दिलेलं असतं.

म्हणून तुमच्या कच्च्या, काहीही वजा न केलेल्या वर्णपटाकडे परत जा आणि तो मोठ्या कागदावर छापून बघा. मी आजही हे करतो. पडद्यावर आपण लगेच एखाद्या रेषेवर झूम करतो आणि पूर्ण आकार नजरेतून सुटतो. ५ ते २८ मायक्रॉनचा आलेख एका नजरेत घेतला तर १३.७ भोवतीचा फुगवटा धुळीचा वाटतो का, हा साधा प्रश्न विचारायचा. सिलिकेट धुळीचे पट्टे १० आणि १८ मायक्रॉनला, रुंद आणि सैल असतात. स्फटिकरूप फोर्स्टेराइट असेल तर ११.३ मायक्रॉनजवळ खांदा दिसतो, आणखी पुढेही त्याची शिखरं असतात. १० मायक्रॉनला काहीच नाही आणि १३.७ ला मात्र ठसठशीत फुगवटा आहे, असं धुळीला जमत नाही. ७.७ चा उंचवटा पाहून बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बनची शंका येते, कारण त्यांचाही ठळक पट्टा तिथेच असतो. पण ते एकटे येत नाहीत, ६.२, ८.६ आणि ११.३ ला त्यांचे सोबती असतात. सोबती नसतील आणि १३.७ चा जोडीदार असेल, तर ७.७ चा उंचवटा ॲसिटिलीनचा समजायला हरकत नाही.

बेसलाइन मग ओढायची कशी? शक्य तितकी ताठ. १२ ते १६ हा पट्टा आणि ७ ते ८ हा पट्टा आधारबिंदूंतून पूर्ण वगळा. दोन्ही बाजूंना धुळीचा भरवसा वाटेल अशा जागा निवडा आणि मधून कमीत कमी वळणांची रेषा न्या. ही निवड काही प्रमाणात तुमच्या मतावर अवलंबून राहणार, ते लपवू नका. तीन-चार वेगवेगळ्या समंजस बेसलाइन ओढा, प्रत्येकीवर संपूर्ण विश्लेषण पुन्हा करा, आणि उत्तरांत जो फरक पडेल तो तुमच्या त्रुटीत धरा. संख्याशास्त्रीय त्रुटी या फरकापुढे बहुतेक वेळा नगण्य असते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखांत मी पहिली गोष्ट हीच शोधतो, आणि ती नसली तर बाकीचे आकडे कितीही नेटके असोत, मी पुढे जाऊ शकत नाही.

उपकरणाकडेही वळायला हवं, कारण तुमचे काही दाते तिथलेही असू शकतात. मिरीच्या मध्यम विभेदनाच्या वर्णपटमापकाचे चार चॅनेल आणि प्रत्येकाचे तीन उपपट्टे, असे बारा तुकडे जोडून तुमचा आलेख तयार झाला आहे. एक सांधा साधारण १३.४ मायक्रॉनला येतो आणि दुसरा १५.५ च्या आसपास, म्हणजे ॲसिटिलीनच्या उंचवट्याच्या अंगावरच. दोन तुकडे एका पातळीवर आणताना कुणी एखादा तुकडा जरा जास्त वर-खाली केला तर उंचवट्याचा उतारच बदलतो. सांध्यावर नेमकं किती गुणलं आहे, ते पाहून ठेवा.

त्याहून नाजूक बाब फ्रिंजची. शोधकाच्या सिलिकॉन थरात प्रकाश मागे-पुढे परावर्तित होऊन वर्णपटावर नियमित लाटा उमटतात. त्यांचं अंतर साधारण ३ प्रतिसेंटीमीटरच्या (हे तरंगसंख्येचं एकक) जवळपास असतं. आता योगायोग पाहा: ॲसिटिलीनच्या लागोपाठच्या परिभ्रमण रेषांमधलं अंतर सुमारे २.३५ प्रतिसेंटीमीटर आहे. लाटा पुसून टाकणारी पायरी जरा हावरटपणे चालवली तर रेणूची शिडीही तिच्यात घासली जाते, आणि कमी चालवली तर उरलेल्या लाटा शिडीसारख्या दिसतात. मग ओळखायचं कसं? ॲसिटिलीनच्या शिडीत निसर्गाने एक खूण ठेवली आहे. हायड्रोजनच्या दोन केंद्रकांच्या स्पिनमुळे विषम पायऱ्यांना सम पायऱ्यांच्या तिप्पट वजन मिळतं, म्हणून वायू विरळ असेल तर रेषा एक उंच, एक ठेंगणी अशा येतात. फ्रिंजला हे येत नाही. वायू दाट असेल तर हा चढ-उतार सपाट होत जातो, आणि तेही कामाचंच असतं, कारण घनतेचा तो स्वतंत्र पुरावा आहे. दुसरी तपासणी सोपी आहे: चारही डिदर स्थितींचे, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या चार निरीक्षणांचे, वर्णपट वेगवेगळे काढून एकावर एक ठेवा. रेणूचे दाते चारही ठिकाणी त्याच जागी राहतात. फ्रिंजच्या लाटांची कला (शिखरांची जागा) तारा शोधकावर नेमका कुठे पडतो त्यावर बदलते.

आणि १२.२ मायक्रॉन. इथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. एका अंधूक ताऱ्याच्या वर्णपटात १२.२ ला छोटा उंचवटा दिसला आणि तो ईथेन आहे अशी माझी खात्री पटली, कारण ईथेनचा पट्टा नेमका तिथेच येतो. आठवडाभर मी तापमान आणि घनता बसवत राहिलो. शेवटी सहकाऱ्याने विचारलं, “गळती काढली आहेस का?” मिरीत ६.१ मायक्रॉनचा थोडा प्रकाश दुसऱ्या क्रमाने १२.२ मायक्रॉनच्या जागी झिरपतो. प्रक्रियेत त्याची दुरुस्ती उपलब्ध आहे, आमच्या जुन्या फायलींना ती लागलेली नव्हती. लावल्यावर उंचवटा गेला. ईथेन खरोखर सापडूही शकतं: २०२४ साली आदित्य अरभावी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये आयएसओ-सीएचए-आय १४७ या, सूर्याच्या ०.११ पट वस्तुमानाच्या ताऱ्याच्या तबकडीत कार्बनचे १३ रेणू दाखवले आणि त्यांत ईथेन होतं. सौरमालेबाहेर ते पहिल्यांदाच दिसलं. म्हणूनच तिथे दुप्पट जपायला हवं.

आता स्लॅब मॉडेल. त्यात तीनच मुठी आहेत: तापमान, स्तंभघनता (दर चौरस सेंटीमीटरमागे रेणूंची संख्या) आणि उत्सर्जनाचं क्षेत्रफळ. वायू विरळ असेल तर प्रकाश घनता आणि क्षेत्रफळाच्या गुणाकारावर ठरतो. एक दुप्पट आणि दुसरं निम्मं केलं तरी आलेख तोच. वायू दाट असेल तर रेषा आपल्या कमाल उंचीला टेकतात आणि घनता वाढवली तरी शिखर वाढत नाही, फक्त कडेच्या दुर्बळ रेषा वर येतात. तुमच्या मॉडेलने घनतेचा एक नेमका आकडा दिला असेल, पण घनता आणि क्षेत्रफळाचा संयुक्त नकाशा काढून बघा. बहुधा तिथे एक लांबट, वाकडी केळ्यासारखी पट्टी दिसेल आणि तुमचा आकडा त्या पट्टीवरचा एक ठिपका असेल.

ही गाठ सोडवायला समस्थानिकासारखं हत्यार नाही. आपल्या परिसरातल्या आंतरतारकीय वायूत साध्या कार्बनच्या सुमारे ७० अणूंमागे जड कार्बनचा एक अणू असतो. ॲसिटिलीनमध्ये कार्बनचे दोन अणू आहेत, जड अणू दोहोंपैकी कुठेही बसू शकतो, म्हणून रेणूंचं प्रमाण साधारण ३५ ला १ होतं. जड ॲसिटिलीनचं शिखर १३.७३ मायक्रॉनला, मुख्य शिखराच्या खांद्यावर येतं. दोन्ही विरळ असती तर हा खांदा जेमतेम दिसला असता. तो मुख्य शिखराच्या तिसऱ्या-चौथ्या भागाइतका दिसत असेल तर मुख्य रेषा केव्हाच छताला टेकल्या आहेत, आणि घनता तुमच्या पहिल्या अंदाजाच्या कैक पट आहे. मॉडेलमध्ये जड ॲसिटिलीन घातलंच नसेल तर तो खांदा जुळवण्यासाठी संगणक तापमान वाढवत नेतो. तुमचं तापमान संशयास्पद जास्त आलं असेल तर आधी इथे बघा. आणखी एक चूक नेहमी होते: दाट वायूत प्रत्येक रेषेचा प्रकाश वेगळा काढून बेरीज करायची नाही. आधी रेषांची अपारदर्शकता एकत्र करायची, मग प्रकाश काढायचा. नाहीतर एकमेकींवर पडलेल्या रेषा दुप्पट उजळ मोजल्या जातात.

मॉडेलमधून जी त्रिज्या निघते तिचाही अर्थ जपून लावा. जे१६०५३२ मध्ये दाट ॲसिटिलीनची त्रिज्या ०.०३३ खगोलीय एकक निघाली, म्हणजे जवळपास ५० लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. पण ही त्रिज्या म्हणजे फक्त क्षेत्रफळ. तितकाच प्रकाश देणारं अरुंद कडं आणखी दूरही असू शकतं. रेषेच्या रुंदीवरून जागा काढता येईल का? ०.१ सौर वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती ०.०३ एककावर वायू सेकंदाला साधारण ५४ किलोमीटर वेगाने फिरतो, आणि मिरीचं एकेक घर सेकंदाला सुमारे १०० किलोमीटरचं आहे. त्यामुळे रेषेचा आकार यात फारशी मदत करत नाही.

ॲसिटिलीन नीट बसल्याशिवाय बाकीच्या रेणूंना हात घालू नका. १४.८५ ला बेंझीन, १४.९८ ला कार्बन डायऑक्साइड, १५.०८ ला सायनोॲसिटिलीन. पाव मायक्रॉनच्या आत तिघे दाटीवाटीने उभे आहेत. १५.८ ला प्रोपाइन, १५.९२ ला डायॲसिटिलीन, १६.५ च्या आसपास मिथाइल. एक शिखर योग्य जागी आलं म्हणून रेणू सापडला असं म्हणायचं नाही. शक्य तिथे दुसरा पट्टाही शोधायचा. मिथेनचा ७.६५ चा पट्टा तर ॲसिटिलीनच्या उंचवट्यावरच बसतो, म्हणून त्याचं प्रमाण पूर्णपणे उंचवट्याच्या मॉडेलवर टांगलेलं असतं. स्पिट्झर दुर्बिणीच्या काळात हे प्रश्न आले नाहीत, कारण तिच्या चांगल्या विभेदनाच्या भागातही रेषा फक्त ६०० च्या आसपासच्या विभेदनाने दिसत. तरीही इलारिया पास्कुची आणि सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१३ मध्ये बरोबर दिशा दाखवली होती: सर्वांत लहान ताऱ्यांत ॲसिटिलीन हायड्रोजन सायनाइडपेक्षा उजळ असतं, सूर्यासारख्यांत नेमकं उलट. मला त्या कामाविषयी फार आदर आहे. धूसर आलेखातून त्यांनी जे वाचलं ते टिकलं.

आता पाणी. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत पुष्कळ अंतर आहे, आणि तुमच्या लेखाचं सगळं वजन त्या अंतरावर पडणार आहे. १३ ते १६ मायक्रॉनमध्ये हायड्रोकार्बनच्या गर्दीत पाण्याच्या मध्यम रेषा सहज बुडतात. तुमचे उरलेले काही दाते पाण्याचेच असू शकतात. शोध १७ मायक्रॉनच्या पुढे घ्या, जिथे गर्दी विरळ होते. ६ ते ७ मायक्रॉनची खिडकीही आहे, पण तिथे एक अडचण ध्यानात ठेवा: इतक्या थंड ताऱ्याच्या स्वतःच्या वातावरणातच पाण्याची वाफ असते आणि तिचं शोषण त्याच पट्ट्यात पडतं. तारा वजा न करता तबकडीच्या पाण्याचं उत्सर्जन शोधलं तर शोषण ते झाकून टाकतं आणि पाणी शून्य निघतं. ताऱ्याच्या तापमानाला जुळणारा वातावरणाचा नमुना आधी वजा करा. मग निरनिराळ्या घनतेचं पाणी तुमच्याच वर्णपटात घालून पाहा, ॲसिटिलीनइतकंच तापमान आणि क्षेत्रफळ देऊन, आणि संपूर्ण विश्लेषण पुन्हा चालवा. कोणत्या घनतेला ते तुमच्या पद्धतीला सापडायला लागतं, ती तुमची वरची मर्यादा. ती मर्यादा छापा. ‘पाणी आढळले नाही’ एवढंच वाक्य कुणाच्याही उपयोगाचं नाही.

याच वस्तुमानाच्या वर्गात पाण्याने भरलेली तबकडीही आहे, हे विसरून चालणार नाही. ल्युपस मेघातल्या एसझेड ११४ या सूर्याच्या सुमारे ०.१६ पट वस्तुमानाच्या ताऱ्याच्या वर्णपटात पाण्याच्या भरपूर रेषा आहेत. म्हणजे तारा लहान आहे एवढ्यावरून तबकडी कार्बनबहुल असेलच असं नाही.

आणि समजा पाणी खरंच कमी निघालं. तरी ॲसिटिलीनच्या घनतेला पाण्याच्या घनतेने भागून जे येतं ते कार्बन-ऑक्सिजन गुणोत्तर नव्हे. दोन रेणू वेगळ्या उंचीवर, कदाचित वेगळ्या अंतरावर असतात. अतिनील किरणं, तापमान आणि धूळ किती खाली बसली आहे यांवर दोघांचं दिसणं वेगळं बदलतं. कार्बन डायऑक्साइड दिसत असेल तर ऑक्सिजन कुठेतरी आहेच. सूर्यात हे गुणोत्तर साधारण ०.५५ आहे. ते १ च्या पुढे गेलं आहे असं म्हणायचं तर उष्मा आणि रसायन एकत्र सोडवणारं तबकडीचं मॉडेल लागतं, ज्यात हायड्रोकार्बनच्या प्रतिक्रिया पुरेशा विस्ताराने घातलेल्या असतील.

हे इतकं ताणून का सांगतो, तर त्यामागे एक खरा आणि सुंदर प्रश्न आहे. कार्बन वाढण्याचे दोन मार्ग सुचवले गेले आहेत. पहिला असा की आतल्या उष्णतेत कार्बनी कण जळून वायूत मिसळतात. यात कार्बन वाढतो पण ऑक्सिजन जागच्या जागी राहतो. दुसऱ्यात, लहान ताऱ्यांभोवती बर्फाळ खडे आत झपाट्याने सरकतात आणि हिमरेषाही (जिच्यापलीकडे पाणी गोठतं ती सीमा) ताऱ्याच्या जवळ असते, म्हणून पाणी लवकर आत येऊन ताऱ्यात पडून संपतं आणि नंतर बाहेरचा कार्बनबहुल वायू पोचतो. पहिल्यात पाणी उरायला हवं, दुसऱ्यात ते संपायला हवं. तुमची पाण्याची मर्यादा पुरेशी कडक निघाली तर ती या दोहोंत निवड करायला मदत करील, आणि ट्रॅपिस्ट-१ सारख्या, सूर्याच्या सुमारे ०.०९ पट वस्तुमानाच्या ताऱ्याभोवतीचे सात खडकाळ ग्रह कोणत्या मालावर घडले असतील याचा अंदाज घेताना उपयोगी पडेल.

तर सुरुवात ॲसिटिलीनपासून करा. १२ ते १६ मायक्रॉन वगळून ताठ बेसलाइन ओढा, दोन थर घ्या, जड ॲसिटिलीन दोन्ही थरांत ३५ ला १ या प्रमाणात बांधून ठेवा, आणि १३.७३ चा खांदा कसा बसतो ते पाहा. तो बसला आणि दाते निम्म्यावर आले, तर उरलेल्या दात्यांत १७ मायक्रॉनच्या पुढच्या पाण्याच्या रेषांशी जोडी लागते का, तो पुढचा दिवस.